एकोणिसावं माप

मापवाल्या काकांचं दुकान इस्पितळाच्या मागच्या फाटकासमोर होतं. पुढच्या फाटकातून माणसं घाईघाईने आत शिरत, मागच्या फाटकातून सावकाश बाहेर येत, आणि सावकाश चालणारी माणसं हीच काकांची गिऱ्हाइकं. एक पाय आखूड, एक पाय वाकडा, टाचेला हाड वाढलेलं, बोटं एकमेकांवर चढलेली. ज्यांचे पाय बाजारातल्या कुठल्याच खोक्यात मावत नाहीत, त्यांचे जोडे काका करत.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक चिंचोळी खोली. उंच माणसाला दोनदा वाकावं लागे, एकदा दारातून आणि एकदा काकांच्या टेबलाशी. आत कातड्याचा, मेणाचा आणि खळीचा वास एकमेकांत इतका मुरलेला की काकूंच्या मते काकांना शंभर माणसांतून डोळे बांधून ओळखता आलं असतं. भिंतीला लाकडी साचे टांगलेले, बिनअंगाचे नुसते पाय. लहान मुलं ते बघून आईला बिलगत.

काकांची मापाची रीत साधी होती. जमिनीवर खाकी कागद अंथरायचा, गिऱ्हाइकाला अनवाणी त्यावर उभं करायचं, आपण गुडघे टेकून बसायचं आणि पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ ओढायची. मग चवडा, टाच, घोटा फितीने मोजायचा. बसून माप द्यायला ते कुणाला सांगत नसत. "बसलेला पाय खोटं बोलतो," ते म्हणत. "अंगाचं ओझं पडलं की पाय पसरतो. पसरलेला तोच खरा."

कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि लक्षात राहावं म्हणून एखादा शब्द. "दात पडला." "फार रडला." "मिशी ठेवली." हे कागद ते टाकत नसत. चाळीस वर्षांच्या गुंडाळ्या फळीवर रचलेल्या होत्या.

"मेलेल्यांचेसुद्धा पाय ठेवलेत," काकू म्हणत. "वर जाऊन चालणारेत का ते?"

"कोण कसं चाललं, ते राहतं गं कागदावर."

"आणि धूळ राहते माझ्या नाकात."

काकांचं असंच होतं. बसथांब्यावर उभे राहिले तरी नजर खाली. एखाद्याची डावी टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली दिसली की हा माणूस ओझं कुठल्या खांद्यावर वाहत असेल, जिना चढतो का, रात्री पाय दुखतो का, हे प्रश्न त्यांच्या डोक्यात सुरू व्हायचे आणि बस निघून जायची. सोळाव्या वर्षी त्यांनी पहिला जोडा शिवला तो थोरल्या भावासाठी. भावाचा एक पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. भाऊ तो घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, "चावतो." कुठे चावतो, का चावतो, हे शोधण्यात पुढची पंचावन्न वर्षं गेली, असं म्हटलं तरी चालेल.

तर अशा या दुकानात एका सकाळी एक मुलगी मोठी थोरली पिशवी घेऊन आली. बोलायला लागली ती थांबेचना. काकांनी मनातल्या मनात तिचं नाव मिरची ठेवलं.

"काका, माझ्या मैत्रिणीचे जोडे तुम्ही करता. आम्ही एकाच ऑफिसात आहोत. केस कुरळे आहेत तिचे, गालावर तीळ."

"गालाचं माहीत नाही. चालते कशी?"

मिरचीने पिशवी खाली ठेवली. मग दारापासून टेबलापर्यंतच्या चार पावलांत तिने चालून दाखवलं. चेष्टा नव्हती त्यात. पाच वर्षं जी व्यक्ती शेजारून चालते, तिची चाल आपल्याही अंगात थोडी उतरते, तसं ते होतं.

"पाऊण," काका लगेच म्हणाले.

"काय पाऊण?"

"पाऊणताई. डाव्या टाचेला पाऊण इंच भर. साडेतीन वर्षांची असल्यापासून येते. आता सत्ताविसावं चालू असेल. काय झालं तिला?"

"लग्न झालंय. म्हणजे व्हायचंय, पुढच्या महिन्यात. त्याआधी आम्ही मैत्रिणी एक दुपार ठरवलीय तिच्यासाठी. खाणंपिणं, गप्पा, भेटी. तिला मी एक स्क्रॅपबुक देणारे, हाताने केलेलं."

"चिकटवही म्हण की."

"तीच. पण मिटेचना नीट." तिने पिशवीतून बाजारातला एक अल्बम काढला. फोटो, तिकिटं, रिबिनी, शाळेतल्या बाईंनी जपून ठेवलेला निबंध, असं बरंच काही तिने त्यात डकवलं होतं, आणि त्या वहीने मगरीसारखा जबडा वासला होता. मिटली की पुन्हा आपली उघडी. "तीच म्हणाली होती, चामड्याचं काही करायचं असेल तर आमच्या काकांना तोड नाही. कव्हर कराल? आणि प्रत्येक ओळखीच्या माणसाकडून मी एकेक वस्तू घेतेय. तुमच्याकडे तिचं एखादं जुनं बक्कल वगैरे आहे?"

काकांनी वही हातात घेतली, मागून बघितली, बाजूने बघितली. पानांच्या मध्ये वस्तू आल्याने बाहेरचा भाग फुगला होता आणि शिवणीकडचा तेवढाच राहिला होता. "हिची टाच कमी पडतेय," ते म्हणाले. "शिवणीच्या अंगाला पट्ट्या भरल्या की मिटेल. नवीनच करावी लागेल." मग स्टुलावर चढून त्यांनी फळीवरून एक गुंडाळी उतरवली आणि टेबलावर उलगडली.

पहिल्या कागदावर हाताच्या पंजाएवढी दोन पावलं होती. डाव्या पावलाच्या घोट्यापाशी रेघेला एक उंचवटा आला होता.

"हे काय?"

"आईचं बोट. पोर उभी राहीना, म्हणून आईने धरून ठेवलं होतं. बोटाभोवतीही पेन्सिल फिरली."

मिरची कागदावर वाकली. एकेक कागद उलटत गेली. एकोणतीस कागद. पावलं वाढत होती, डावं मागून, उजवं पुढून, जशी दोन बहिणींपैकी एक रस्त्यात रेंगाळावी. मग तिने आपले फोटो बाहेर काढले आणि टेबलावर पसरले. बराच वेळ बघत राहिली.

"काका, एक गंमत बघा. एकाही फोटोत हिचे पाय नाहीत."

खरंच नव्हते. शाळेच्या फोटोत ती मागच्या रांगेत. सहलीच्या फोटोत पुढे कुणीतरी बसलेलं. ऑफिसच्या फोटोत टेबलामागे. कुठे कंबरेपर्यंत, कुठे खांद्यापर्यंत. फोटो काढणारे वीस वेगवेगळे हात, पण उभं कुठे राहायचं ते मात्र एकाच माणसाने ठरवलेलं.

"तुझ्याकडे वरचा भाग आहे," काका म्हणाले, "माझ्याकडे खालचा. जोडून टाकू."

"नको." मिरचीने पटकन कागद गोळा केले. "म्हणजे मला फार आवडलं असतं. पण त्या दिवशी तिची होणारी सासू असेल, नणंद असेल. त्यांना माहीत आहे, तसं काही लपवलेलं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि वीस बायकांच्या हातांतून आपले पाय फिरणं वेगळं. ती कायमची बोलणार नाही माझ्याशी."

पोरीचं म्हणणं चूक नव्हतं. पण कागद परत गुंडाळून ठेवणंही त्यांच्याने होईना. हे पाय त्यांच्याइतके कुणीच बघितले नव्हते, कदाचित तिनेसुद्धा नाही. आपल्या वस्तूंची मालकी असते, तशी आपल्या रेघांची कुणाची असते? काढणाऱ्याची, की जिच्याभोवती काढली तिची?

"झाकता येतील," ते म्हणाले. "फोटो जाड पुठ्ठ्यावर लावू. वरच्या कडेला कातड्याची बिजागरी. खाली माझा कागद. एका बाजूला फासा आणि गाठ, जोड्याला असते तशी. ज्याला फोटो बघायचाय त्याने फोटो बघावा. गाठ सोडायची की नाही, ते तिचं तिने ठरवावं."

मिरचीने विचार केला. "आणि कुणी आगाऊपणा करून सोडली तर?"

"माझी गाठ कशी सोडायची ते तिलाच माहीत आहे. लहानपणापासून सोडतेय."

काम सुरू झालं. काकांनी जोड्याच्या पोटात घालतात तसं मऊ, बदामी कातडं कव्हरासाठी निवडलं. रापीने त्याच्या कडा इतक्या पातळ तासल्या की दुमडल्यावर कड हाताला लागू नये. आरीने भोकं पाडली, दोरा मेणातून ओढून घेतला. पानं कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. प्रत्येक दोन पानांच्या मध्ये, शिवणीच्या बाजूला, कातड्याची एक अरुंद पट्टी. काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या, बाजूने वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "वा. पोरीच्या वहीलाही टाच लावलीत."

कागद लावायचे म्हणजे आधी क्रमाने मांडायचे. काकांना एक हौस सुचली. त्यांनी डाव्या पावलांचे कागद एकावर एक ठेवले, टाचा जुळवल्या आणि खिडकीच्या काचेवर धरले. झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारख्या रेघा दिसल्या, एकाबाहेर एक. मजा वाटली त्यांना. एकेक कागद वाढवत गेले. सोळा, सतरा, अठरा. मग एकोणीस. आणि एकोणिसावी रेघ अठरावीच्या आत शिरली.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा टाचा जुळवल्या. फीत लावली. लांबी वाढली होती, पण चवड्यापाशी डावं पाऊल दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी. उजवं मात्र चांगलं भरलेलं, जरा जास्तच.

"पोर वाळली असेल," काकू म्हणाल्या.

"वाढत्या वयात पाय वाळतो होय? आणि एकच?"

कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: "आई खिडकीशी. एकटी." आणि तारीख. चौदा वर्षांपूर्वीची.

तेव्हा काका खाली बसले. ते वर्ष त्यांना आठवलं, खरं म्हणजे ते विसरलेच नव्हते. पोरीला तेरावं लागलं होतं. आई इस्पितळाच्या खिडकीशी कागद घ्यायला गेली होती. त्या मापाचा डावा जोडा महिनाभरात परत आला. आईच्या हातात जोडा, पोरीच्या पायाला फडकं. फोड आला, चिघळला, परीक्षा बुडाली. आई वाईट बोलली नाही, पण जे बोलली ते आरीसारखं होतं. "तुमचे डोळे तपासून घ्या हो." काका म्हणाले होते, "माझं चुकलं, बाई." त्यांनी नवीन माप घेतलं, नवा जोडा शिवला, डोळे तपासले, खरोखरच चष्मा लागला. एक गोष्ट मात्र केली नव्हती. तो जुना कागद काढून कुठे चुकलं ते बघितलं नव्हतं. भावाच्या जोड्यापासून प्रत्येक चावा शोधणारा माणूस हाच एक चावा शोधायला धजला नव्हता. कागद गुंडाळीत सरकवला होता आणि वर दोरी बांधली होती.

आता तो समोर होता. दोन सूत. अंधूक दिसत होतं म्हणून पेन्सिल आत गेली? मग उजवीकडे का नाही गेली? हात कापला? रेघ तर सरळ होती, एका दमात ओढलेली. काकांना ते कळेना, आणि न कळलेली गोष्ट पायात खडा गेल्यासारखी त्यांना टोचत राहिली.

"तो एक कागद लावू नका," काकू म्हणाल्या. "अठ्ठावीस काय कमी आहेत? लग्नाच्या भेटीत कुणी जुनं दुखणं बांधून देतं का?"

"अठरानंतर एकदम वीस?"

"कोण मोजतंय?"

"ती मोजेल. ते वर्ष तिचंही आहे."

दोन दिवस ते पान रिकामं राहिलं. मिरची रोज ऑफिस सुटल्यावर येई, रिबिनी लावी, फोटोखाली बारीक अक्षरात काहीबाही लिही, आणि रोज विचारी, "हे का राहिलंय?" काका म्हणत, खळ वाळतेय. खळ कुठलीच वाळत नव्हती. या पानामुळे पोरीला त्या दिवशी सगळ्यांदेखत रडू आलं तर? आणि नाही लावलं, तर चौदा वर्षं झाली तरी खोटाच राहिला म्हातारा, असं स्वतःलाच वाटणार नाही का? तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद लावला. त्याच्यावर तेराव्या वर्षीचा फोटो आला, त्यात ती फळ्यासमोर उभी होती आणि फोटो गुडघ्याच्या वरच संपला होता. फोटो पाडण्याआधी काकांनी पेन्सिल घेऊन रेघेखाली लिहिलं: "हे माप चुकलं. हात माझा." मग गाठ मारली.

समारंभाला मिरचीने काकूंनाही बोलावलं होतं. शनिवारी दुपारी त्या गेल्या, संध्याकाळी परत आल्या आणि मुद्दाम आधी पाणी प्यायल्या, मग पाय धुतले, मग पंखा लावला.

"सांग आता."

"काय सांगू? वही सगळ्यांना आवडली. सासूने कातड्यावरून तीनदा हात फिरवला. नणंदेने एक गाठ ओढून बघितली, सुटली नाही, सोडून दिली."

"आणि तिने?"

"तिने पहिली सोडली. आईचं बोट बघून हसली. आईलाच हाक मारून दाखवलं. मग कोपऱ्यात खुर्ची घेऊन एकेक सोडत बसली. एकोणिसाव्यावर थांबली."

"मग?"

"वाचलं. वही मिटली. मग केक कापला."

"चेहरा कसा झाला?"

"केक खाताना होतो तसा. अहो, मला काय माहीत? तुम्ही असता तर तिच्या चपला बघून सांगितलं असतंत."

रविवार काकांनी कसाबसा काढला. सोमवारी दुकान उघडलं आणि तासाभरात ती आली, लग्नाच्या जोड्यांचं माप द्यायला. बरोबर पिशवीत वही. दारातून वाकली, टेबलाशी वाकली, स्टुलावर बसली. वही मांडीवर घेऊन एकोणिसावी गाठ एका झटक्यात सोडली.

"काका, हे खोडा."

"का? चुकलंच होतं माप."

"माप चुकलं होतं. हात तुमचा नव्हता." ती कागदाकडे बघत बोलत होती. "त्या वर्षी वर्गातल्या मुलींनी निमुळते जोडे घेतले होते. माझे म्हणजे होड्या. मला वाटलं, पाऊल बारीक आलं कागदावर तर जोडाही बारीक होईल. आई नव्हती तेव्हा. तुम्ही खाली वाकलात आणि मी डाव्या पायावरचं ओझं काढून घेतलं. सगळी उजव्यावर उभी राहिले."

काकांनी फीत बोटाभोवती गुंडाळली आणि पुन्हा सोडली.

"जोडा सुंदर झाला होता. पहिल्या दिवसापासून चावत होता. मी सांगितलं नाही. मग पाय चिघळला, आई तुम्हाला बोलली, मी तिच्या मागेच उभी होते. तुम्ही म्हणालात, माझं चुकलं. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि मला वाचवताय. दर वेळी माप द्यायला आले की वाटायचं, आज विचारतील. तुम्ही विचारलंच नाही. आणि परवा हे वाचलं. म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं."

काकांच्या चेहऱ्यावरून एक राग जाताना दिसला. चौदा वर्षं काही थोडी नसतात. पण राग टिकायला जागा लागते, आणि त्यांच्या डोक्यातली सगळी जागा एव्हाना दुसऱ्याच गोष्टीने भरली होती.

"उजवा म्हणून भरलेला होता," ते पुटपुटले. मग म्हणाले, "कसं केलंस? मी खाली होतो. पेन्सिल माझ्या हातात होती. पाय हलला असता तर कळलं असतं मला."

"हलवला नाही. नुसता हलका केला."

"दाखव."

"आत्ता?"

"आत्ता."

तिने जोडे काढले. काकांनी कागद अंथरला, गुडघे कुरकुरत टेकले. तिने मागे टेबलाची कड धरली, कंबर जराशी उजवीकडे नेली. पाऊल होतं तिथेच होतं. काकांनी रेघ ओढली. मग ती सरळ झाली, त्यांनी त्याच पावलाभोवती दुसरी रेघ ओढली. तिने पाय काढला. चवड्यापाशी दोन रेघा वेगळ्या झाल्या होत्या. काकांनी फीत लावली.

"दोन सूत," ते म्हणाले. "बरोबर दोन सूत. लबाड."

"सॉरी, काका."

"त्या वयात दोन सूत चोरायचे म्हणजे तोल पाहिजे. जमतं कुणाला." ते खरोखरच कौतुकाने बोलत होते. मग त्यांनी कानामागची पेन्सिल तिच्या पुढ्यात धरली. "मी लिहिलंय ते राहू दे. जोडा मीच शिवला होता, एकदाही अठराव्याशी ताडून बघितलं नाही. खाली तुझं तू लिही."

तिने वहीत वाकून लिहिलं. बराच वेळ लिहीत होती. काकांनी ते वाचलं, मान हलवली आणि खळीचा डबा उगाचच बाजूला सरकवला.

"आता लग्नाचं खरं माप दे."

ती नव्या कागदावर उभी राहिली. काका वाकले, टाचेपासून पेन्सिल निघाली, घोट्याखालून करंगळीपर्यंत आली आणि तिथे थांबली. काकांनी मान वर केली. खालून वर, गुडघे, कंबर, खांदे, थेट तिच्या तोंडाकडे. तिच्या गालावर तीळ होता.

"काय बघताय?"

"तू कुठे उभी आहेस ते."

तिला हसू फुटलं, पाय हलला, रेघ करंगळीवरून बाहेर गेली. काकांनी कागद उलटा केला आणि पुन्हा टाचेपासून सुरुवात केली.